चौकशीची खिडकी पुन्हा उघडा

प्रति,
मा. संपादक,

विषय : रोजच्या प्रश्नांना खात्रीचे उत्तर देणारा माणूस प्रत्येक तालुक्यात हवा

सप्रेम नमस्कार.

घरातला कर्ता माणूस जातो, दिवसकार्य होते, पाहुणे परततात आणि मग सातबाऱ्याचा प्रश्न उभा राहतो. नावे कशी लागायची? अर्ज कुठे द्यायचा? खर्च किती? सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, सार्वजनिक वाचनालयात माझी सगळी नोकरी झाली. पुस्तक बदलायला येणाऱ्यांइतकेच लोक तिथे असले काही विचारायला येत. निवृत्त झाले तशी ती माणसे आता घरी येतात. बहुतेकांनी त्याआधी दोन-चार ठिकाणी विचारलेले असते, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळे उत्तर मिळालेले असते. या पत्राचा विषय तोच आहे.

वारस नोंदीचेच घेऊ. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 149 प्रमाणे वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) खबर द्यायची असते. ती तोंडी दिली तरी चालते, आणि खबर मिळाल्याची लेखी पोच तलाठ्याने द्यायची असते. मृत्यूचा दाखला आणि वारसांचे प्रतिज्ञापत्र जोडले की वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना 6-क मध्ये, नोंद होते. पुढे फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, लिहिला जातो, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवले जातात आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. या नोंदीला सरकारी शुल्क नाही. तीन महिने उलटले तरी नोंद होते, हक्क बुडत नाही. घरबसल्या करायचे तर ई-हक्क प्रणालीतून अर्ज भरता येतो, आणि डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर पंधरा रुपयांत मिळतो.

एवढे सगळे सांगायला पाच मिनिटे पुरतात. ती पाच मिनिटे कोणी दिली नाहीत म्हणून माझ्या ओळखीच्या एका बाईंचे काही हजार रुपये गेले. ‘मुदत टळली, आता कोर्टातून वारस दाखला आणावा लागेल, त्याशिवाय नाव लागत नाही,’ असे त्यांना एका मध्यस्थाने सांगितले. घरात वाद नव्हता, कोणाची हरकत नव्हती, दोन्ही मुले आईच्या शब्दाबाहेर नव्हती. बाई दहावी शिकलेल्या, रोज पेपर वाचणाऱ्या. अडाणीपणामुळे लोक फसतात असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे मला म्हणूनच पटत नाही. त्यांना वाचता येत होते, विचारताही येत होते. ज्याचे उत्तर खरे धरावे असा माणूस मात्र समोर नव्हता. आणि वाद असता तरी तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे त्यांना मोफत वकील मिळाला असता, कारण 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने उत्पन्न कितीही असले तरी स्त्रीला तो हक्क दिला आहे. त्यासाठी 15100 हा क्रमांकही आहे. हेही त्यांना कोणी सांगितले नव्हते.

मग लोक जातात कुठे? तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जातात. मेडिकलवाल्याला विचारतात, गावातल्या आशाताईंना विचारतात, अंगणवाडी सेविकेला विचारतात. यांतल्या कोणालाही मी नावे ठेवणार नाही. झेरॉक्सवाल्याचे दुकान कचेरीच्या आधी उघडते आणि नंतर बंद होते. तो ‘उद्या या’ म्हणत नाही. अंगणवाडी सेविका स्वतःचे काम सांभाळून अर्ध्या गावाचे अर्ज भरून देते. पण नियम बदलला तर तिला तो कळवायचा कोणी? ज्याने कळवायचा त्याने कळवला नाही, तर तिने प्रामाणिकपणे दिलेले उत्तरही चुकीचे ठरते आणि बोल मात्र तिला लागतो.

2024 च्या जुलैमध्ये हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचा शासन निर्णय 28 जूनला निघाला. उत्पन्नाच्या आणि अधिवास दाखल्यासाठी बाया उन्हापावसात रांगा लावून उभ्या राहिल्या. आठवडा होण्याआधीच अटी शिथिल झाल्या. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको. अधिवास दाखल्याऐवजी पंधरा वर्षांपूर्वीचे रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्माचा दाखला यांपैकी एक काहीही चालेल. निर्णय चांगला होता. पण रांगेत उभ्या असलेल्या बाईला तो कोण सांगणार? ‘ताई, तुमचे केशरी कार्ड आहे ना, मग घरी जा, हा कागद तुम्हाला लागत नाही’, एवढे म्हणणारा एक माणूस रांगेच्या तोंडाशी उभा असता तर कितीतरी जणींचा रोजगार बुडाला नसता. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये ई-केवायसी आली. त्यात पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला. नवरा वारलेला, वडील वारलेले, अशा बाईने काय करायचे, हा प्रश्न पहिल्याच दिवशी गावोगावी विचारला गेला. उत्तर यायला बरेच दिवस लागले, आणि तेवढ्या काळात कोणी काहीही सांगत होते.

आता तरुण मुले म्हणतात, फोनला विचारा. मीही विचारून पाहते, आणि काही उत्तरे खरोखर चांगली मिळतात. जन्मनोंदणीची मुदत 21 दिवसांची आहे, जन्मदाखल्यावर बाळाचे नाव नंतरही घालता येते, असे काही फोन नीट सांगतो. पण जमिनीचे विचारले की व्हिडिओमागून व्हिडिओ येतात आणि त्यांत पटवारी, खतौनी, दाखिल-खारिज सुरू होते. ती पद्धत उत्तरेकडच्या राज्यांची, आपल्याकडची नव्हे. ऐकणाऱ्याला हा फरक कळतोच असे नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेची उत्तरे तर इतक्या ठामपणे येतात की शंका घ्यायला जागाच उरत नाही. बँकेचा मदत क्रमांक शोधायला गेलेली माणसे भामट्यांच्या क्रमांकावर जाऊन पोहोचतात, आणि नंतर सायबर फसवणुकीच्या 1930 या क्रमांकावर तक्रार करायची वेळ येते. फोन वापरू नका असे मी म्हणत नाही. पण फोनवरचे उत्तर चुकले तर जाब कोणाला विचारायचा? खिडकीत बसलेल्या माणसाने चुकीचे सांगितले तर दुसऱ्या दिवशी त्याच खिडकीत जाऊन ‘साहेब, काल तुम्हीच असे म्हणालात’ असे म्हणता येते. मला हा फरक फार मोलाचा वाटतो.

कायदे नाहीत असे नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 प्रमाणे प्रत्येक कार्यालयाने आपल्या सेवा, त्यांची मुदत, पदनिर्देशित (म्हणजे ती सेवा देण्याची जबाबदारी असलेला) अधिकारी आणि अपील अधिकारी यांची यादी लोकांना दिसेल अशी लावायची आहे. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंडाची तरतूद आहे. माहितीचा अधिकार 2005 पासून आहे. अर्जाला दहा रुपये लागतात, तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याची तोंडी विनंती कागदावर उतरवून देण्यास जन माहिती अधिकाऱ्याने मदत करायची आहे. मात्र माहिती अधिकारात कागद मिळतो, सल्ला मिळत नाही. ‘माझ्या बाबतीत पुढे काय करू?’ या प्रश्नाला तिथे जागा नाही. आणि फलकाचे म्हणाल तर मी पाहिलेल्या कित्येक कचेऱ्यांत तो कपाटामागे असतो, नाहीतर इतक्या बारीक अक्षरात असतो की चष्म्यानेही वाचता येत नाही.

मन लावले तर हे जमते, याचा दाखलाही आपल्यासमोर आहे. किसान कॉल सेंटर 2004 च्या जानेवारीत सुरू झाले. 1800-180-1551 हा क्रमांक फिरवला की सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत कृषी पदवीधर मराठीत बोलतो. सोयाबीनच्या पानाला भोके पडलीत, काय फवारू, असे शेतकरी सरळ विचारू शकतो. तिथलीही काही उत्तरे ठोकळेबाज असतात, अशी तक्रार मी ऐकली आहे. तरी पलीकडे माणूस आहे, त्याला आपली भाषा येते आणि प्रश्न विचारला म्हणून तो डाफरत नाही. अशी सोय पिकाला असू शकते, तर फेरफाराला, रेशनकार्डाला, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला का असू नये?

म्हणून माझी पहिली मागणी सरकारकडे आहे. प्रत्येक तहसील कचेरीत दाराशीच चौकशीची खिडकी असावी आणि तिथे कामाची माहिती असलेला कायम कर्मचारी बसावा. पूर्वी अशा खिडक्या होत्या. त्यांवरच्या पाट्या अजून दिसतात, आत मात्र जुन्या फायली रचलेल्या असतात. त्या कर्मचाऱ्याकडे दुसरे टेबल देऊ नये. विचारायला आलेल्या माणसाला त्याने छापील चिठ्ठी द्यावी : कोणता अर्ज, कोणते कागद, कोणाकडे, किती दिवसांत, किती शुल्क, आणि खाली आपली सही. सही असली की सांगणाराही जपून सांगतो, आणि पुढच्या टेबलावर ‘हे कोणी सांगितले तुम्हाला?’ म्हणून झिडकारले जाणे थांबते.

दुसरे माझ्या आयुष्यभराच्या कामाविषयी. राज्यात 1967 चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे आणि त्याखाली अनुदान घेणारी हजारो ग्रंथालये आहेत. पैकी कितीतरी ‘ड’ वर्गाची, खेड्यात, एका खोलीत, एकाच कर्मचाऱ्यावर चालणारी. त्या माणसाचा पगार सांगायलाही संकोच वाटतो. पण गावात रोज ठरल्या वेळी उघडणारी, जिथे जात-पक्ष न बघता कोणालाही आत येता येते अशी जागा बहुधा तीच. आम्हा ग्रंथपालांच्या शिक्षणात संदर्भ सेवा हा विषय असतो : विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर शोधून, ते कुठून घेतले हे सांगून द्यायचे. हीच सेवा या प्रश्नांसाठी का वापरू नये? महसूल, आरोग्य, महिला व बालविकास आणि सहकार खात्यांनी बदललेला प्रत्येक नियम सोप्या मराठीत, एका पानावर, त्याच आठवड्यात गावच्या ग्रंथालयात पाठवावा. त्या कामाचे वेगळे मानधन द्यावे. फुकट राबवून घेतलेली सेवा टिकत नाही, हे आशाताईंनी वर्षानुवर्षे मोर्चे काढून सांगितले आहे.

तिसरी विनंती आपल्याकडे, संपादक महाशय. वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याची मराठी नियतकालिकांची परंपरा मोठी आहे. र. धों. कर्वे यांनी 1927 पासून 1953 पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. घरात किंवा वैद्यापुढेही ज्याचा उच्चार होत नसे असे शरीराविषयीचे प्रश्न लोक त्यांना पत्राने विचारत आणि ते शास्त्राला धरून, आडपडदा न ठेवता उत्तर छापत. अशाच उत्तरांवरून 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. खटला हरले, दंड झाला, तरी कर्व्यांनी मासिक बंद केले नाही. लोकांच्या प्रश्नाला खरे उत्तर मिळावे म्हणून एवढे सोसलेली माणसे आपल्याकडे होऊन गेली आहेत. आजच्या दैनिकाला त्यासाठी तुरुंगाची भीती नाही, फक्त आठवड्यातून अर्धे पान द्यायचे आहे. वाचकांचे प्रश्न घ्या, संबंधित खात्याकडून लेखी उत्तर मागवा, उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याच्या पदनामासह छापा, आणि खात्याने उत्तर दिले नाही तर तसे स्पष्ट लिहा. भविष्याचे सदर रोज येते, त्याच्या शेजारी एवढी जागा निघेल.

हे सदर सुरू झाले तर पहिल्या भागासाठी वारस नोंदीचा विषय घ्यावा, असे सुचवते. नोकरीच्या काळात लोकांनी विचारलेले प्रश्न मी एका वहीत टिपून ठेवले आहेत. आपल्या कार्यालयाला उपयोगी पडणार असेल तर विचारणाऱ्यांची नावे वगळून ती वही पाठवायला मी आनंदाने तयार आहे.

कळावे,
आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल
जि. सातारा