विझलं तर विझू दे म्हणणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण हे पत्र चारचौघांनी वाचावं असं मनापासून वाटतं.

पुण्याहून, तुमच्या प्रयोगशाळेतून परत येऊन आठ दिवस झाले. घरी कापसाची वेचणी सुरू आहे, शाळेतले तास आहेत, तरी डोळे मिटले की तुमच्या सूक्ष्मदर्शकाखालचा तो हिरवा ठिपका दिसतो. पाव फुगवणाऱ्या यीस्टची पेशी, तिला फुटलेला कोंब, आणि आईपेशीतून कोंबाच्या टोकाकडे सरकत गेलेला आरएनए, म्हणजे प्रथिन कसं बनवायचं याचा निरोप नेणारा रेणू. १९९८ साली रॉबर्ट सिंगर यांच्या प्रयोगशाळेने जिवंत यीस्टमध्ये हाच प्रवास दाखवला होता, हे वाचलेलं होतं. आरएनए स्वतः चमकत नाही. त्याला एमएस२ नावाच्या, जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूच्या आरएनएमधले वळसे जोडायचे, आणि ते वळसे घट्ट धरणाऱ्या प्रथिनाला जेलीफिशचं हिरवं प्रथिन जोडायचं, हेही पाठ होतं. नुसतं पाठ.

बी.एस्सी.ची तीन वर्षं तालुक्याच्या कॉलेजात काढली. तिथला सूक्ष्मदर्शक कपाटात, कपाटाला कुलूप. मागितला की उत्तर ठरलेलं, "खराब होईल." वहीतल्या पेशी आम्ही फळ्यावर बघून काढल्या. आरएनएबद्दल विचारलं तर एक सर म्हणाले, "परीक्षेला येत नाही." त्याचा राग अजून गेलेला नाही.

तुमच्या त्या अंधाऱ्या खोलीत मी भिंतीला चिकटून उभी होते. इंग्रजी वाक्य मनात जुळवत होते. तुम्ही वळलात आणि म्हणालात, "काऊन घाबरते वं? बस इथं." आपली खुर्ची दिलीत, माझा हात धरून फोकसच्या चाकावर ठेवलात. ज्या प्रकाशाने तो ठिपका चमकतो त्याच प्रकाशाने तो विझतही जातो, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी हात मागे घेतला. तेव्हा तुम्ही म्हणालात, "विझलं तर विझू दे. दुसरी स्लाईड लावू. डोये भरून पायून घे."

तो फिका होत गेला, पार दिसेनासा झाला. इतक्या मेहनतीचा नमुना एका अनोळखी पोरीसाठी खर्ची पडला आणि तुम्ही घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही. मी बसमध्ये रडले, ताई.

आमच्याकडे मे महिन्यात विहिरी आटतात. ज्याच्या विहिरीला पाणी असतं, तो शेजारणीला सांगतो, "तुमचा पाण्याचा गुंड आधी भरा." अशी माणसं गावात आहेत म्हणून उन्हाळा निघतो. पुण्यात, लेझरच्या खोलीत, तेच माणूस भेटेल असं वाटलं नव्हतं.

काल शाळेतला सूक्ष्मदर्शक बाहेर काढला. कांद्याची साल लावली. सातवीतल्या एका पोराने भिंग इतकं खाली आणलं की काच तडकली. तो रडवेला झाला. मी दुसरी काच लावली आणि त्याचा हात पुन्हा चाकावर ठेवला.

तुमची,
दारव्हा तालुक्यातली तासिका तत्त्वावरची एक शिक्षिका