क्रूस आत घ्या!

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत गळ्यातल्या ‘ट्रेंडी क्रॉस’वर छापलेलं अर्धं पान वाचलं. पत्र त्याच दिवशी लिहिणार होतो, पण बायको म्हणाली, आज रविवार आहे, उद्या लिहा, तोवर जरा निवळाल. सोमवार उजाडला, निवळलो नाही.

आधी फोटोबद्दल. मॉडेलच्या गळ्यात जे आहे आणि ज्याखाली आपण ‘ख्रिश्चन क्रॉस’ असं छापलं आहे, तो क्रूस नाहीच. वरच्या टोकाला कडी असलेलं ते चिन्ह इजिप्तचं आहे, त्याला आंख म्हणतात, आणि ते येशूच्या जन्मापूर्वी हजारो वर्षं तिथल्या थडग्यांच्या भिंतींवर कोरलेलं आहे. दुसऱ्या फोटोतल्या मुलीनं गळ्यात अडकवलीय ती जपमाळ. एकोणसाठ मण्यांची, हातात धरून प्रार्थना मोजायची वस्तू. माझी बायको कॅथलिक, वसईची. फोटो बघून ती एवढंच म्हणाली, “हिला कुणी सांगितलं नाही का गं?” मी प्रॉटेस्टंट, आमच्यात जपमाळ नाही, त्यामुळे मी त्यात पडत नाही. पण छापण्याआधी कुणाला तरी विचारायला काय हरकत होती? मुंबईत ख्रिस्ती माणूस सापडत नाही, असं तर नाही.

क्रूस म्हणजे ख्रिश्चनांचं मंगळसूत्र, हा शोधही आपल्या लेखिकेचाच. माझ्या सासूबाई काळ्या मण्यांच्या पोतीत क्रूस ओवून घालायच्या. दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांना कळत होतं, म्हणून तर दोन्ही घालायच्या! क्रूस घातलाच पाहिजे असा नियम आमच्याकडे कुठेही नाही. माझ्या माहेरी (पुरुषालाही माहेर असतं) कुणीच घालत नसे. आम्ही भायखळ्याचे, मिशनच्या वळणात वाढलेले. वडील म्हणायचे, तो गळ्यात मिरवायला दिलेला नाही, उचलायला दिलेला आहे. मराठी बायबलात त्याला शब्दच ‘वधस्तंभ’ असा आहे. रविवारच्या शाळेत तो पाठ करताना आमच्या जिभा अडखळायच्या. आपल्या लेखिकेनं ‘क्रॉस’च्या जागी हा शब्द घालून स्वतःचा लेख एकदा वाचून बघावा: वधस्तंभ, नाजूक डिझाइनमध्ये, ऑफिस आणि पार्टी दोन्हीकडे चालणारा.

अतिशयोक्ती करत नाही. रोमन लोकांनी ही शिक्षा गुलामांसाठी आणि बंडखोरांसाठी राखून ठेवली होती. इ. स. पूर्व 71 मध्ये स्पार्टाकस या गुलामाचं बंड मोडल्यावर कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्याच्या कडेनं सहा हजार माणसं खांबांवर टांगली गेली. येता-जाता लोकांनी बघावं, म्हणून. अशा वस्तूला सुरुवातीचे ख्रिस्ती लोक गळ्यात कशाला घालतील? खूण म्हणून ते मासा काढायचे. क्रूस उघडपणे मिरवायचे दिवस रोमन सम्राट कॉन्स्टंटाइननंतर, म्हणजे चौथ्या शतकात आले.

घरात आमचा जुना वाद आहे. बायकोच्या क्रुसावर येशूची मूर्ती आहे, पहिल्या कम्युनियनला (कॅथलिक मुलांचा चर्चमधला विधी) मिळालेला, बोटाच्या पेराएवढा. मी म्हणतो, क्रूस रिकामा हवा, कारण शुक्रवारी त्यावर मेलेला येशू रविवारी पुन्हा उठला. ती म्हणते, शुक्रवारशिवाय रविवार येतो का? चाळीस वर्षं झाली, निकाल नाही. आपल्या लेखिकेनं दोन्ही प्रकारांना ‘मिनिमल’ आणि ‘व्हिंटेज’ म्हणून एका ओळीत निकाल लावला, त्याबद्दल आभार.

लेखात युरोपच्या न्यायालयाचाही दाखला आहे. क्रॉस घालायचा हक्क कोर्टानं मान्य केला म्हणे. अर्धंच सांगितलं. जानेवारी 2013 मध्ये ब्रिटिश एअरवेजमधल्या नादिया इवेडा यांच्या बाजूनं निकाल लागला, खरं आहे. पण त्याच दिवशी, त्याच निकालपत्रात शर्ली चॅप्लिन ही परिचारिका हरली. गळ्यातली साखळी रुग्णानं ओढली किंवा उघड्या जखमेला लागली तर, हे रुग्णालयाचं म्हणणं कोर्टाला पटलं. माझ्या बायकोनं तीस वर्षं सरकारी रुग्णालयात नोकरी केली. ड्यूटीवर जाताना क्रूस काढून पाकिटात ठेवायची, सुटल्यावर लोकलमध्ये बसली की पुन्हा घालायची. तिला कुणी कोर्टात जायला सांगितलं नाही. तिच्या मते चॅप्लिनबाईंनी जायलाच नको होतं. मला तसं वाटत नाही, पण घरात परिचारिका ती आहे.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितो आहे ते.

आपल्या लेखात शेवटी म्हटलंय की क्रॉसला आता धर्म राहिलेला नाही, मुंबईत कुणीही तो बिनधास्त घालतं. गेल्या वर्षी माझी मुलगी उपनगरात भाड्याचं घर शोधत होती. सासूबाई गेल्यावर त्यांचा क्रूस तिच्याकडे आला, तो ती रोज घालते. मी सोबत होतो, कारण बापाला बघितलं की सोसायटीवाले बरे वागतात असं तिचं म्हणणं. गेटपाशी एजंट थांबला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, “ताई, ते जरा आत घ्या ना. बाकी काही नाही, उगाच प्रश्न येतात.” मुलीनं माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, “घे आत.”

घेतला तिनं. वर गेलो. आमचं आडनाव असं की कोकणातल्या निम्म्या गावांत सापडेल. फॉर्मवर ते वाचून सेक्रेटरी खुलले. “अरे वा, म्हणजे आपलेच!” गाव विचारलं, सांगितलं. पाणी आलं, चहा आला. मासे चालतात ना विचारल्यावर म्हणाले, चालतात की, आपल्या लोकांना कसं नाही म्हणणार. संपादक महोदय, मला त्या क्षणी बरं वाटलं, हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. चहाला चवही होती. येशूला पकडल्यावर त्याचा शिष्य पेत्र यानं अंगणात शेकोटीपाशी बसून, मी त्याला ओळखत नाही, असं तीनदा म्हटलं आणि कोंबडा आरवला, हे आम्ही दर वर्षी ऐकतो. मला निदान कुणी विचारलं तरी नव्हतं. आणि त्या सोसायटीत कोंबडा पाळायला परवानगी असणं शक्य नाही.

मग मुलगी खिडकीतून हवा येते का बघायला वाकली आणि क्रूस बाहेर आला. कुणी काही बोललं नाही. सेक्रेटरींनी फक्त पहिल्या नावाची स्पेलिंग पुन्हा विचारली. दोन दिवसांनी एजंटचा फोन: घर मालकाच्या भाच्याला दिलं. बरं, दलालीचा अॅडव्हान्स परत मिळाला, एवढा माणूस सरळ होता. त्या दिवशी खाली उतरताना मुलगी मला म्हणाली होती, “बाबा, तुम्ही तर म्हणता की आपल्यात घालायचा नियमच नाही. मग काढून ठेवायचा का आहे?” मला उत्तर सुचलं नाही. वडील असते तर काय म्हणाले असते, हे मला पक्कं माहीत आहे, म्हणून तर आणखी सुचलं नाही.

त्यामुळे ‘बिनधास्त’ हा शब्द वाचून डोकं फिरलं, एवढंच. आपल्या मॉडेलनं अवश्य घालावा. तिला गेटपाशी कुणी काही सांगणार नाही, शिवाय तिचा तो इजिप्तचा आहे.

आणखी एक, पत्र लिहितोच आहे म्हणून. आपल्या पेपरात दर वर्षी एखाद्या पुढाऱ्याची जाहिरात असते: ‘गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा’, बाजूला मेणबत्ती, वर हात जोडलेला साहेब. त्या दिवशी आमच्याकडे उपास असतो, चर्चमध्ये घंटासुद्धा वाजवत नाहीत. जाहिरातीचे पैसे घेताना निदान मजकूर वाचत जा. तसंच गेल्या दोन रविवारी शब्दकोड्याचं उत्तर छापलेलं नाही. आडवे शब्द सगळे सुटले, उभा चौदावा अडलाय.

कळावे,
आपला जुना वाचक,
भायखळा

(पूर्ण नाव-पत्ता पाकिटात वेगळ्या चिठ्ठीवर दिला आहे. छापू नये. मुलगी अजून घर शोधते आहे.)