तक्रार: सक्तीचा सर्व्हिस चार्ज आणि पाच स्टारची अट

दि. ३ मे २०२५, पुणे

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: बिलात परस्पर लावलेला सर्व्हिस चार्ज परत मिळण्याबाबत आणि माझ्या अभिप्रायाला दिलेले चुकीचे उत्तर मागे घेण्याबाबत.

महोदय,

बुधवार, दि. ३० एप्रिल रोजी, अक्षय्य तृतीयेच्या दुपारी, आम्ही घरचे सातजण आपल्या पुण्यातील शाखेत जेवायला आलो होतो. सणाला आमरस-पुरीचा घाट घरी घालणे आता आम्हाला झेपत नाही, आणि आपल्या दारावरच्या फलकावर ‘देवगड हापूसचा आमरस, हवा तेवढा’ असे लिहिलेले असल्यामुळे माझ्या एक्क्याऐंशी वर्षांच्या आईनेच आपल्याकडे जाऊ असे सुचवले होते.

जेवणाबद्दल आधी चांगले ते सांगते. मसालेभात गरम होता, त्यावरचे खोबरे-कोथिंबीर ताजे होते, अळूचे फतफते आंबट-गोड बेताचे जमले होते, आणि आमच्या टेबलावरचा वाढपी मुलगा इतका अगत्याने वाढत होता की आईने त्याला दोनदा नाव-गाव विचारले. आमरस मात्र हापूसचा नव्हता. हापूसचा रस वाटीत घट्ट बसतो आणि पुरीच्या तुकड्याला धरून राहतो. हा चांगला पळीवाढा, वेलदोड्याच्या वासाचा आणि साखरेने गोड केलेला होता. आईने एक घास घेऊन वाटी बाजूला सरकवली. मी त्या मुलाला हळूच विचारले, तेव्हा ‘डब्यातला आहे, मावशी’ असे त्याने प्रांजळपणे सांगितले. (त्याच्या खरेपणाची शिक्षा त्याला होऊ नये, ही विनंती.) कोकणातील हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आपल्याला डब्यातला रस वाढायचा असेल तर जरूर वाढावा, पण मग फलकावर देवगडचे नाव नको.

तथापि, एवढ्यासाठी मी पत्र लिहिले नसते. सात थाळ्यांचे ४,५५० रुपये आणि पाण्याच्या दोन बाटल्यांचे ८० रुपये मिळून ४,६३० रुपये झाले, त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज म्हणून ४६३ रुपये लावले गेले, आणि या सगळ्या बेरजेवर पाच टक्के जीएसटी आकारण्यात आला. बाटलीवर छापील किंमत २० रुपये असताना आपण ४० घेतलेत, याबद्दल माझी तक्रार नाही, कारण हॉटेलांना तशी मुभा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलेले आहे. सर्व्हिस चार्जची गोष्ट वेगळी आहे. तो बिलात आपोआप लावता येणार नाही, दुसऱ्या नावानेही वसूल करता येणार नाही आणि जेवणाच्या रकमेत मिळवून त्यावर जीएसटी घेता येणार नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सांगितले आहे, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी, म्हणजे आमच्या जेवणाच्या जेमतेम महिनाभर आधी, या सूचना कायम ठेवल्या आहेत. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली, त्यामुळे बेरीज तपासल्याशिवाय पैसे देण्याची सवय मला नाही. त्या मुलाच्या हातात दोनशे रुपये मात्र मी आपणहून ठेवले होते.

काउंटरवर मी हे निदर्शनास आणले, तेव्हा आपले व्यवस्थापक प्रथम म्हणाले की मेनूकार्डावर तळाशी तसे छापलेले आहे. ते मी पाहिले; अक्षर इतके बारीक आहे की चष्मा लावूनही कार्ड डोळ्यांजवळ धरावे लागले, आणि छापले म्हणून ऐच्छिक रक्कम सक्तीची होत नाही. त्यावर त्यांनी काउंटरवरचा क्यूआर कोड पुढे केला आणि म्हणाले, ‘मॅडम, गुगलवर फाइव्ह स्टार देऊन टाका, आमरसाचं चांगलं लिहा, मी चार्ज काढतो.’ ज्या आमरसाची वाटी आईने बाजूला सारली होती, त्याचीच स्तुती ४६३ रुपयांसाठी लिहावी, असा हा सौदा होता. तो मी नाकारला, मागे लोक खोळंबले होते म्हणून पूर्ण रक्कम भरली आणि बिलाच्या आपल्या प्रतीवर ‘सर्व्हिस चार्ज अमान्य’ असे लिहून सही केली.

त्याच रात्री मी जे घडले ते जसेच्या तसे लिहून तीन स्टार दिले. मसालेभाताचे आणि त्या मुलाचे कौतुक त्यात पहिल्याच ओळीत होते. दुसऱ्या दिवशी आपल्या कंपनीच्या नावाने उत्तर आले की ‘आमच्या नोंदीनुसार आपण आमच्याकडे आलेल्या दिसत नाही’. बिल माझ्या हातात आहे, पैसे माझ्या खात्यातून गेलेले आहेत, आणि चार लोकांसमोर मला खोटे ठरवणारे हे वाक्य अजूनही तिथे आहे. पैशांपेक्षा मला याचा मनस्ताप अधिक झाला आहे.

तरी सर्व्हिस चार्जचे ४६३ रुपये आणि त्यावरील जीएसटीचे २३ रुपये १५ पैसे, असे एकूण ४८६ रुपये १५ पैसे पंधरा दिवसांच्या आत परत करावेत आणि ते उत्तर मागे घेऊन त्याच ठिकाणी चूक मान्य करावी. तसे न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आणि आवश्यक वाटल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवीन. रक्कम ज्या खात्यातून आली त्याच खात्यात जमा करावी. तिच्याऐवजी पुढच्या जेवणाचे कूपन पाठवू नये.

आपली विश्वासू,
(स्वाक्षरी)

सोबत: बिलाची आणि आपल्या उत्तराची छायाप्रत