पेंग्विन आणि वेळासची कासवं

महोदय,

मेलबर्नला मुलीकडे गेले होते, तेव्हा तिघी मैत्रिणींबरोबर सुमारे १४० किलोमीटरवरच्या फिलिप आयलंडची एका दिवसाची सहल केली. सूर्यास्तानंतर जेमतेम फूटभर उंचीचे पेंग्विन लाटांतून बाहेर आले, घोळक्याने थबकले आणि वाळू ओलांडून बिळांकडे निघाले. एक तर माझ्यापासून हातभर अंतरावरून डुलत गेला! तिथे फोटोला सक्त मनाई. एवढी गर्दी, पण आमच्या आसपास एकही मोबाइल वर झाला नाही. निघताना गाडीखाली पेंग्विन नाही ना, हेही वाकून बघायचं.

आमच्या वेळासला कासवांच्या इवल्याशा पिल्लांवर मोबाइलचे झोत पडलेले मी पाहिलेत. तिथेही फोन आधीच जमा करून घ्यावेत, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, मंडणगड