यूपीएसवाल्या काकांना जाहीर आभारपत्र

काका, सप्रेम नमस्कार.

नाव कुठं टाकायचं नाही अशी तुमची अट, म्हणून नुसतं काका. कोल्हापूरच्या उद्यमनगरात यूपीएसच्या बॅटऱ्या बदलत फिरणारे काका म्हटल्यावर ज्यांना कळायचं त्यांना कळेलच, त्याला माझा इलाज नाही. बॅटऱ्यांचे पैसे तुम्ही घेतलेत. बाकी जे केलंत त्याचं बिल कधी आलंच नाही, म्हणून हे पत्र.

आमचं मशीन शॉप लहान. गिऱ्हाइकांची ड्रॉइंगं, पॅटर्नच्या फाइली, टॅली, बिलांचे स्कॅन असं सगळं एका सर्व्हरवर आणायचं ठरलं होतं आणि डिस्कची दोन कोटेशनं टेबलावर पडून होती. एकात कॉम्प्युटरची साधी डिस्क, दुसऱ्यात सीसीटीव्हीची, दोन्ही ४ टीबी. बाबांचा कल अर्थातच स्वस्ताकडं. तुम्ही कोटेशनं न बघताच विचारलंत, "सकाळी आल्यावर ह्यातलं काहीच उघडलं नाही, तर काम कुठं अडतंय?" बाबा म्हणाले, ड्रॉइंग नसेल तर व्हीएमसी, म्हणजे धातू कापायचं मशीन, उभी. "मग डिस्क जाणार हे धरूनच घ्यायची बघा. जाताना कशी जाईल, तेवढं बघूया."

त्या एका वाक्यानं आमची खरेदीच बदलली.

साधी डिस्क का नको, हे तुम्ही बाबांना पटेल असं सांगितलंत. एखादा सेक्टर, म्हणजे डिस्कचा बारीकसा तुकडा, वाचता आला नाही की ती तिथंच अडून बसते, पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते. रेड (RAID) म्हणजे दोन डिस्क जोडीनं चालवायची पद्धत, तिचा कंट्रोलर तेवढा वेळ थांबत नाही. डिस्क मेली असं समजून तिला बाहेर काढतो. चांगली डिस्क फुकट बाद. नॅसची, म्हणजे नेटवर्कवरून फाइली पुरवणाऱ्या पेटीसाठी बनवलेली डिस्क साधारण ७ सेकंदांत हात वर करते, आणि कंट्रोलर तोच भाग जोडीच्या डिस्कवरून वाचून घेतो. सीसीटीव्हीच्या डिस्कचा हिशोबच निराळा. एखादी फ्रेम हुकली तरी चालेल, पण रेकॉर्डिंग थांबता कामा नये, यासाठी ती बनवलेली. आमच्या ड्रॉइंगमधलं माप हुकून कसं चालेल?

मग खोक्यावर नॅस लिहिलंय म्हणजे झालं, असं मला वाटलं. तिथंही तुम्ही थांबवलंत आणि मॉडेल नंबर टाकून कंपनीची डेटाशीट उघडायला लावलीत. सीएमआर की एसएमआर, एवढंच शोधायचं. सीएमआरमध्ये डेटाच्या पट्ट्या, म्हणजे ट्रॅक, सुटे शेजारीशेजारी. एसएमआरमध्ये ते कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले. मधलं एक बदलायचं तर पुढची उचलावी लागतात. एकदा भरून ठेवायला ठीक, पण गेलेल्या डिस्कच्या जागी नवी लावून भरायची वेळ आली, की तासांचं काम दिवसांवर जाऊ शकतं. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड (Red) नावाच्या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर निघाल्या होत्या. बोंबाबोंब झाल्यावर कंपनीनं यादी जाहीर केली आणि सीएमआरवाल्या रेड प्लस नावानं वेगळ्या काढल्या. म्हणजे नॅस म्हणून विकलेलीही तपासून घ्यायची.

महागातली घ्यायलाही तुम्ही नको म्हणालात, याचं मला जास्त कौतुक. एंटरप्राइज डिस्क वर्षाला ५५० टीबी लिहिण्यावाचण्याच्या कामासाठी, नॅसची १८०. आमचा सगळा संसार १ टीबीतसुद्धा बसतो. उरलेल्या पैशांत बॅकअपच्या दोन डिस्क आल्या. विंडोज आणि टॅली एसएसडीवर, त्यावर फार चर्चा झालीच नाही.

सर्व्हरच्या दोन डिस्क दोन वेगळ्या दुकानांतून आणायला लावल्यात, तेव्हा बाबा वैतागले. एकाच लॉटच्या असल्या तर एकदमच जायची भीती, हे त्यांना लगेच पटलं मात्र. एका लॉटचं कास्टिंग सगळंच सच्छिद्र निघालेलं त्यांनी बघितलंय. दुकानातच सिरियल नंबर टाकून भारतातली वॉरंटी लागू आहे का तेही बघायला सांगितलंत. "वॉरंटीत डिस्क मिळती, डेटा न्हाई."

मिरर, म्हणजे दोन्ही डिस्कवर तेच लिहिलं जाणं, चालू झाल्यावर तुम्ही एका डिस्कची केबल सरळ उपसलीत. माझ्या पोटात गोळा! ड्रॉइंग उघडलं. मग तीच डिस्क तुमच्या बॅगेतल्या जुनाट मशीनला लावून त्यावरही उघडून दाखवलंत. आणि ती परत जागेवर लावून जोडी जुळल्यावर एक फोल्डर डिलीट केलंत, तर तो दोन्हीकडून गेला. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, हे त्यानंतर कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही.

बॅकअपची डिस्क घरी नेते म्हटलं, तर तुम्ही पत्ता विचारलात. शाहूपुरीत, तळमजला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये आमच्या गल्लीत पाणी होतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. तेवढ्याला पाणी पोचायच्या आत आम्ही सामान वर चढवायला लागतो, त्यात डिस्क कुणाच्या लक्षात राहणार! आता ती कळंब्याला ताईकडे असते. दर शनिवारी एक जाते, एक येते. सर्व्हरही पॉवर प्रेसच्या भिंतीपासून हलवला, कारण सततचा हादरा डिस्कला सोसत नाही.

डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, त्या स्मार्टच्या यादीतल्या ५ (बदललेले सेक्टर) आणि १९७ (संशयित सेक्टर) नंबरच्या ओळी महिन्याला बघते. दोन्हीकडं शून्य आहे. हलला आकडा तर आधी बॅकअप, मग तुम्हाला फोन, हे भिंतीवर लिहून चिकटवलंय.

शेजारचे फौंड्रीवाले तुमचा नंबर मागत होते. दिलेला नाही. त्यांच्याकडंही साध्या डिस्कचं कोटेशन आलंय, ऑर्डर अजून गेलेली नाही. बाबांनी त्यांना थांबवून धरलंय. घेऊन येऊ का तुमच्याकडं, तेवढं कळवा.

तुमची,
मशीन शॉपच्या ऑफिसातली