माझ्या फिजिओथेरपिस्ट ताईंना, त्या एका संध्याकाळसाठी

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

दुचाकीच्या अपघातात छातीच्या सहाव्या मणक्याजवळ माझ्या मज्जारज्जूला इजा झाली, त्याला आता अडीच वर्षे होतील. त्यातली जवळजवळ दोन वर्षे तुम्ही आठवड्यातून तीनदा सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या घरी येत आहात. आभार मानावेत अशा गोष्टी पुष्कळ आहेत. पण हे पत्र सर्वांसमोर लिहावेसे वाटले ते एका संध्याकाळसाठी.

त्या दिवशी बाबांनी तुम्हाला मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली होती. पाठीत विजेचे यंत्र बसवलेला एक तरुण वॉकर धरून चालत होता. ‘आम्हीही असेच करतो, सहा महिन्यांत मुलगी पायांवर उभी राहील’ असे सांगून एका गृहस्थांनी आम्हाला काही लाखांचा आकडा दिला होता आणि आईने पाटल्या मोडायची तयारी केली होती. तुम्ही आमच्या भाबडेपणाबद्दल एक शब्दही काढला नाहीत. माझ्या वहीच्या मागच्या पानावर पाठीचा कणा काढून तुम्ही समजावू लागलात.

मांडीला आपण जो करंट लावतो, त्याने स्नायू थेट आकुंचन पावतो. मज्जारज्जूवरचा करंट मात्र मुख्यतः पायांकडून संवेदना आणणाऱ्या जाड मज्जातंतूंना चेतवतो, हा फरक मला तेव्हा प्रथम कळला. इजेच्या खालचा, पाय हलवणारा मज्जारज्जूचा भाग माझ्यासारख्यांत बहुतेकदा शाबूत असतो, पण मेंदूचा निरोप पोहोचत नसल्याने तो निपचित पडलेला असतो. या प्रवाहाने तो इतका सावध होऊ शकतो की तळव्यांवर पडणारा भार आणि वरून कशीबशी झिरपणारी मेंदूची आज्ञा यांना तो पुन्हा प्रतिसाद देतो.

‘मग उशीर कशाला?’ असे बाबांनी विचारले, तेव्हा तुम्ही अमेरिकेतील लुईव्हिल विद्यापीठाचे काम सांगितलेत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासातील तरुणाने शस्त्रक्रियेआधी २६ महिन्यांत चालण्याच्या सरावाची १७० सत्रे केली होती. त्यानंतर मज्जारज्जूच्या आवरणावर १६ इलेक्ट्रोडची पट्टी बसवली, आणि प्रवाह सुरू असताना, केवळ तोल सांभाळण्यापुरता आधार घेऊन, तो सव्वाचार मिनिटे स्वतःच्या पायांवर उभा राहिला. तेथेच पुढे चौघांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोघे जमिनीवर चालू शकले. त्यांतील एकाला त्यासाठी ८५ आठवड्यांत २७८ सत्रे लागली, दुसऱ्याला १५ आठवड्यांत ८१. उरलेल्या दोघांना उभे राहता आले, पण चालता आले नाही. सरावात एकाच्या खुब्याचे हाड मोडले, हेही तुम्ही लपवले नाहीत, आणि पुढच्याच आठवड्यात माझ्या हाडांची घनता तपासून घेतलीत. उभे राहण्याचा सराव त्यानंतरच सुरू झाला.

त्या रात्री मी खूप रडले, आणि पुढचे कित्येक दिवस तुमच्याशी धड बोललेही नाही, याची आज मनापासून क्षमा मागते. तुम्ही मात्र एकही दिवस चुकवला नाहीत. हळूहळू मला उमगले की तुम्ही माझी आशा काढून घेतली नव्हती. ती कोणत्या कामाला जुंपायची, ते दाखवले होते. मी वहीत सत्रे मोजू लागले. आज मी पलंगाच्या कडेला आधाराशिवाय बसून केस विंचरते आणि फळीवरून सरकत एकटी व्हीलचेअरवर जाते. आईच्या पाटल्या तिच्या हातात आहेत. साठवलेल्या पैशांतून न्हाणीघराचे दार रुंद झाले, आणि माझ्या दिवसात त्याने किती फरक पडला ते तुम्ही पाहिलेच आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये त्वचेवरून मज्जारज्जूला प्रवाह देणाऱ्या एका उपकरणाला अमेरिकेत मान्यता मिळाली, तेव्हा तुम्ही मुद्दाम फोन केलात आणि पहिल्याच वाक्यात म्हणालात, ‘हे मानेच्या इजेनंतर हातांसाठी आहे, तुझ्या पायांसाठी नाही.’ त्यानंतरच आनंदाने सगळे सविस्तर सांगितलेत. माझ्या आजारपणात इतक्या सरळपणे माझ्याशी फार थोडी माणसे बोलली आहेत.

वहीत काल २८४ वे सत्र लिहिले. सोमवारी नेहमीप्रमाणे चार वाजता वाट पाहते. बाबांनी दारातला उतार नीट करून घेतला आहे. व्हीलचेअर आता उंबऱ्याशी अडत नाही.

आपली कृतज्ञ,
सिंहगड रस्त्यावरची तुमची विद्यार्थिनी