भिडस्तला इंग्रजीत काय म्हणतात?

दांडिया बाजार, बडोदा
रविवार, दुपार

प्रिय दिन्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र गणपतीत आलं आणि आता दिवाळीच्या चिवड्याचा डबा तळाला लागलाय. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. त्या महिन्यात मी एका पोराबद्दल इंग्रजीत सहा ओळी लिहीत होतो, आणि त्यानंतर नुसताच आळस.

वरच्या खोलीतला आमचा भाडेकरू पराग तुला आठवत असेल. जळगावचा. मागच्या खेपेला तू आलास तेव्हा न सांगता तुझी बॅग उचलून स्टेशनापर्यंत आला होता. युनिव्हर्सिटीत एम.एस्सी. होईपर्यंत दोन वर्षं आमच्याकडे राहिला आणि आता पुढे शिकायला इंग्लंडात, लीड्सला गेलाय. तिकडे खोली भाड्याने घ्यायची तर आधीच्या घरमालकाचं पत्र मागतात. भाडं वेळेवर देत होता का, घर नीट ठेवलं का, माणूस कसा आहे. आपल्याकडे पानाच्या गादीवर उभ्या उभ्या होणारी चौकशी, तिकडे तिचा फॉर्म असतो.

फॉर्म मेलवर आला. पहिले दोन प्रश्न हो-नाहीचे होते, ते उरकले. तिसरा होता: व्हॉट वॉज द टेनंट लाइक? आता लाइक म्हणजे आवडणे, हे आपण शाळेपासून घोकलंय. मी बैठक मारून लिहिलं, ‘ही लाइक सेव-उसळ, क्रिकेट अँड स्लीपिंग ऑन संडे.’ वर हिला वाचूनही दाखवलं. नशीब, पाठवण्याआधी पुण्याहून मनूचा फोन आला. तिला हसता हसता ठसका लागला. म्हणाली, बाबा, इथे लाइक म्हणजे सारखा. कशासारखा होता, म्हणजेच कसा होता. मग मी म्हटलं, सरळ ‘हाऊ’ का नाही विचारत? तर ‘हाऊ इज ही’ म्हटलं की इंग्रज तब्येत सांगतो. घ्या! माणूस कसा आहे हे ‘कसा’ने विचारायचंच नाही.

मग बसलो विशेषणं जमवायला. जुनी शंभर पानी वही काढली. पहिल्या दिवशी छाती फुगवून चार शब्द लिहिले: सिंपल, होमली, इनोसंट, फ्रँक. यातला एकही मला परका नव्हता, लग्नाच्या जाहिरातींत आयुष्यभर वाचलेत. मनूने चारही खोडले. सिंपल लिहिलं तर पोरगा डोक्याने मंद वाटेल. होमली म्हणजे इंग्लंडात घरगुती, साधं, तेही बहुतेक घराबद्दल, आणि अमेरिकेत चक्क कुरूप. (एवढी वर्षं आपण पेपरात ‘होमली वधू पाहिजे’ म्हणून छापतोय!) इनोसंट वाचून वाटेल, खटला चालला होता आणि निर्दोष सुटला. फ्रँक म्हणजे आपल्याला हवा तो मनमोकळा नव्हे, तोंडावर बोलून मोकळा होणारा. म्हणजे तू.

‘नाइस’ लिहू का विचारलं, तर म्हणाली त्याने काहीच कळत नाही. वर आणखी एक सांगितलं की हा शब्द मुळात ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ अडाणी. कुठून कुठे पोचला बघ. आपला ‘चॅप्टर’ तरी काय, पुस्तकातून उठला आणि बेरकी माणसाला जाऊन चिकटला.

घरात मग महिनाभर हेच. मी म्हटलं, ‘पराग इज व्हेरी पेशंट,’ तर ही स्वयंपाकघरातून धावत आली, ‘काय झालं त्याला?’ दवाखान्यातला पेशंट आणि सोशिक माणूस हे एकच स्पेलिंग, आणि मूळही एकच, सोसणं. हे मला फार आवडलं. पण त्याच जोरात संध्याकाळी हिला म्हणालो, ‘यू आर व्हेरी सेन्सिटिव्ह.’ म्हणायचं होतं समंजस. तो सेन्सिबल. सेन्सिटिव्ह म्हणजे हळवी, जरा बोललं की लागणारी. हिला दोन्ही शब्द माझ्याआधीपासून येत होते. रात्री खिचडी मिळाली, कढीशिवाय.

बोअर्ड आणि बोअरिंग यातला घोळ तुला सांगत नाही. ‘आय ॲम बोअरिंग’ असं मी म्हणालो होतो, आणि तुला त्यात चूक सापडणार नाही हे मला माहीत आहे.

शेजारच्या बाई मानसशास्त्र शिकवून रिटायर झाल्यात, त्यांना वही दाखवली. त्या म्हणाल्या, काका, तुमच्या आधी हा उद्योग झालाय. 1936 साली ऑलपोर्ट आणि ओडबर्ट नावाच्या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी वेबस्टरची जाडजूड डिक्शनरी चाळून माणसाच्या वागण्या-स्वभावाचे 17,953 शब्द वेगळे काढले. त्यातले साडेचार हजार टिकाऊ स्वभावाचे, बाकीचे तात्पुरती मनःस्थिती, लोकांनी मारलेले शेरे वगैरे. माझ्या वहीत तेव्हा बेचाळीस होते.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती ऐकताना तूच डोळ्यांपुढे आलास. 1946 साली सॉलोमन अ‍ॅश याने लोकांना एका काल्पनिक माणसाचे सहा गुण वाचून दाखवले: हुशार, कष्टाळू, उतावळा, चिकित्सक, हट्टी, मत्सरी. काहींना या क्रमाने, काहींना उलट्या. शब्द तेच, पण हुशारपासून सुरुवात ऐकणाऱ्यांना माणूस बरा वाटला, मत्सरीपासून ऐकणाऱ्यांना वाईट. आपली सहावीची प्रगतिपुस्तकं आठव. बाईंनी तुझ्यात लिहिलं होतं, ‘खोडकर, पण हुशार.’ माझ्यात, ‘हुशार, पण खोडकर.’ तुझ्याकडे पेढे आणि माझ्याकडे छडी! मराठीत ‘पण’च्या पुढचं खरं आणि मागचं वाया, हा नियम मी तेव्हाच शिकलो होतो. अ‍ॅशच्या यादीत ‘पण’ नव्हता, म्हणून पहिल्याचा जोर चालला, असं मी बाईंना ऐकवलं. त्या नुसत्या हसल्या.

तर 17,953 हा आकडा ऐकून हिने विचारलं, ‘त्यात भिडस्त आहे का?’

आणि गाडी तिथेच अडली. कारण पराग आहे भिडस्त. दुसरा शब्द नाही त्याला. शाय म्हणावं तर गणेशोत्सवात दोनशे माणसांपुढे नाटकात सोंगाड्या झाला होता. टिमिड म्हणजे भित्रा, तर मध्यरात्री मोटरसायकल उचलायला आलेल्या पोरांमागे अनवाणी धावला होता. रिझर्व्ह्ड म्हणजे आपल्यातच राहणारा, हा तर जिन्यात भेटेल त्याच्याशी बोलणार. कोपऱ्यावरच्या किराणावाल्या बेनचं सरळ, ‘छोकरो बहु डाह्यो छे.’ डाह्यो म्हणजे शहाणा, गुणी. तोही अर्धाच. तुला एक प्रसंग सांगतो. गेल्या जानेवारीत वरचा गिझर बंद पडला. हा आठ दिवस गार पाण्याने अंघोळ करत होता. आम्हाला कळलं कसं, तर सकाळी सहाला वरून ‘हर हर गंगे’ जरा जास्तच जोरात यायला लागलं. मी वर जाऊन विचारलं तर म्हणाला, ‘काका, तुमच्या गुडघ्याचं चाललं होतं ना, म्हटलं नंतर सांगू.’ आणि डोळे जिन्याकडे, कधी एकदा मी खाली जातो असे.

मनूने कन्सिडरेट सुचवला. दुसऱ्याचा विचार करणारा. जवळ येतो, पण कन्सिडरेट माणूस मोकळा असतो रे, विचार करतो आणि सुखाने झोपतो. भिडस्ताच्या मानेवर कोणीतरी बसलेलं असतं. भीड पडते, भीड घालतात, भीड चेपते, भीड मोडावी लागते. एवढी क्रियापदं ज्या नामाला आहेत ते नाम इंग्रजाकडे कसं नाही? आणि वर आपणच म्हणून ठेवलंय, भीड भिकेची बहीण.

हट्टाने मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत गेलो. पुस्तकांच्या मजल्यांची जमीन काचेची आहे, आठवतं? उजेड खालपर्यंत झिरपावा म्हणून. आपण तिथे पाय आपटून ओरडा खायचो. महाराजांच्या नावाचा तो ‘सयाजी शासनशब्दकल्पतरू’ मिळाला, 1931 चा. एका इंग्रजी शब्दापुढे गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, उर्दू, फारसी, बंगाली अशी रांग. कारभाराच्या शब्दांसाठी त्या माणसाने केवढी यातायात केलीय! पण तो कचेरीचा कोश. गार पाण्याने अंघोळ करणारा त्यात कुठून यायला. तासभर बसलो, पंखा छान होता, आणि येताना सेव-उसळ खाऊन आलो.

शेवटी मनू वैतागून म्हणाली, बाबा, विशेषणांवर तिकडे कोणी विश्वास ठेवत नाही. रिलायेबल, पंक्च्युअल, टायडी सगळेच लिहितात. त्याने काय केलं ते लिहा. हे पटलं. मग असं झालं: भाडं दर महिन्याच्या तीन तारखेच्या आत. खोली सोडताना भिंतीतले खिळे काढून भोकं स्वतः बुजवली. पाण्याचा टँकर आला की खालच्या आजींची पिंपं आधी भरायचा. आणि गिझर. ती ओळ मनूला नको होती. म्हणाली, यावरून घरमालक आठ दिवस गिझर दुरुस्त करत नाही एवढंच कळेल. कळू दे. ती ओळ ठेवली. अशी सहा ओळींत बसवलेली सगळी कथा, विशेषण त्यात एकच, कन्सिडरेट, तेही हिच्या आग्रहाखातर. भीडच ती.

खोली मिळाली त्याला. परवा दिवाळीचा व्हिडिओ कॉल आला. पोरगा स्वेटर, त्यावर जाकीट, त्यावर हिने दिलेली शाल. मी म्हटलं, काय रे, खोलीत हीटर नाही? म्हणाला, आहे, पण पंधरा दिवस झाले, नीट तापत नाही. घरमालकाला सांगितलंस का?

‘काका, त्यांच्या घरी पाहुणे आहेत.’

ही मागून म्हणाली, तो नंबर द्या, मी बोलते त्या घरमालकाशी. कोणत्या इंग्रजीत ते मी विचारलं नाही.

वहिनींना नमस्कार. लेल्यांच्या लग्नाला येणार असशील तर वरची खोली रिकामी आहे, गिझर चालू आहे, मी स्वतः पाहिलाय.

तुझा,
वसंता